माईच्या मुंग्या

खुर्सीपारच्या त्या गल्लीत मंगळवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि सगळे वाट पाहत होते ती मुंगीचीच.

माई म्हणजे देवी, तिचे भक्त म्हणवणाऱ्या केवलराम महाराजांच्या पत्र्याच्या मठीसमोर शे-दीडशे माणसं दाटली होती. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया होत्या, रातपाळी करून न झोपताच आलेले, गळ्यात पोलादाच्या प्लँटचा गेटपास लटकणारे गडी होते. सारवलेल्या जमिनीवर पळसाच्या पानांचे दोन दोने, म्हणजे द्रोण, ठेवले होते. डावीकडच्या दोन्यात सात वर्षांच्या उन्नतीचं ‘तीर्थ’ होतं. तीर्थ म्हणजे सकाळची लघवी, पण त्या अंगणात तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. उजवीकडच्या दोन्यात गर्दीतल्याच, तिच्याच वयाच्या दुसऱ्या पोरीची. या दुसऱ्या दोन्याभोवती महाराजांनी हळदीचं रिंगण काढलं होतं. त्याला ते परीक्षेचं रिंगण म्हणत.

“आली! माईची पलटण आली!”

भिंतीच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग निघाली. ती सरळ डाव्या दोन्यापाशी गेली आणि बघता बघता दोन्याची कड काळी झाली. उजवीकडे एकही फिरकली नाही. लोकांनी एकदम जयजयकार केला.

“ना घातला गूळ, ना घातली साखर!” लाल ओढणीतले महाराज दोन्ही हात वर करून ओरडले. “तरी मुंगी कोणाची झाली चाकर?”

“माईची!”

“डॉक्टरजवळ मशीन हाय, माईजवळ मुंगी हाय. मशीन बिगडते. मुंगी बिगडते का?”

“नाई!”

“ये डायरेक्ट लाईन है भाई, बीच में कोई एक्सचेंज नहीं!”

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “आमच्या घरच्या मुंग्या तं डब्यातली साखर खातात बाप्पा. माई कधी बोलली नाई.” दोघंतिघं हसले. बायकांनी वळून असं पाहिलं की हसणं तिथंच विरलं.

भिंतीला टेकून वंदना बसली होती आणि तिच्या मांडीवर उन्नती होती. पोरगी पळत आल्यासारखी धापत होती. मात्र ती पळाली नव्हती, दोन दिवस जागची हललीही नव्हती. प्रत्येक श्वास खोल, पोटापासून ओढलेला. बाया एकेक करून वाकत होत्या, तिच्या तोंडापाशी नाक नेत होत्या.

“व माय! मोहफुलाचा वास येऊन राहिला!”

“माईचा सुगंध हाय तो. पोट्टी भाग्याची.”

भाग्याच्या पोट्टीचे ओठ फाटले होते. वंदनाने तिची बोटं आपल्या मुठीत धरली होती. लहानपणापासून त्यांचा एक खेळ होता: आईनं बोट दाबलं की लेकीनं उलट दाबायचं. कालपर्यंत उन्नती दाबत होती. आज सकाळी वंदनाने तीनदा दाबून पाहिलं. एकदाच उलट दाब आला, तोही झोपेत असल्यासारखा.

पंधरा दिवसांपूर्वी हे सगळं पाण्यापासून सुरू झालं होतं. उन्नती शाळेतून आली की दोन तांबे पाणी एका दमात पिऊन टाकायची. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. चार वर्षं जी पोरगी रात्री कधी चुकली नव्हती, तिच्या चादरी रोज दोरीवर वाळू लागल्या. वंदना त्या पहाटेच धुवायची, शेजारणीला दिसू नये म्हणून.

“सात वर्साची घोडी, अन् आंथरून ओलं करते!” सासू मैनाबाई म्हणायची. पण रागावून झालं की तीच नातीला जवळ घ्यायची. “वाळून चालली वो पोट्टी. नजर लागली असंन कोनाची.”

फ्रॉक खांद्यावरून उतरू लागला, तेव्हा वंदनाने नवऱ्याला सांगितलं. हेमराज प्लँटमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर होता. तो म्हणाला, “उन्हाळा हाय ना. सगळेच वाळतात.” मग पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, इन्फेक्शन म्हणाले, औषध दिलं आणि ग्लुकोजचं पाणी पाजायला सांगितलं. वंदनाने ते इमानानं पाजलं. दुसऱ्या दिवशी धाप लागली. डॉक्टरांनी घाईघाईत मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली: न्यूमोनिया, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

ती चिठ्ठी घेऊन निघायचं, तर मोरीत गेलेली मैनाबाई ओरडतच बाहेर आली. पोरीच्या लघवीला मुंग्यांचा वेढा पडला होता. मुंग्यांवाले महाराज गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते? हेमराज पाळीवर गेला होता, आणि घरी आल्यावर त्यानंही आईचंच ऐकलं. चिठ्ठी वंदनाच्या पदराच्या गाठीत राहिली आणि उन्नती मठीत आली.

“तीन दिवस,” महाराज म्हणाले होते. “तिसऱ्या दिवशी माई पूर्ण उतरते. तोवर अन्न नाई, औषध नाई. फक्त गुळाचं पाणी.”

आज तिसरा दिवस होता.

मठीतलं गुळाचं पाणी करायची सत्यभामा. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली बाई, पन्नाशीच्या आतलीच, पण केस पांढरे झालेले. दर मंगळवारी लोकलने यायची, दोने लावायची, अंगण सारवायची. मठीच्या भिंतीवर, माईच्या तसबिरीखाली, एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा फोटो होता. शाळेचा गणवेश, तेल लावून बसवलेले केस, ताज्या झेंडूचा हार. येणारा प्रत्येक जण त्यालाही हात जोडायचा.

सत्यभामाने गुळाच्या पाण्याची वाटी पुढे केली. “पाज बाई. आता थोडाच वेळ राहिला.”

उन्नतीने दोन घोट घेतले आणि सगळं ओकून टाकलं. सत्यभामाने आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं. असं पुसलं, जणू आपल्याच लेकराचं.

“तुमाले लेकरं आहेत ना, मावशी?”

“होता ना. शुभम.” तिनं फोटोकडे पाहिलं. “दोन साल झाले. त्याचंही असंच होतं. हाच वास, अशाच मुंग्या. माईनं पयले त्यालेच निवडलं होतं.”

“मंग?”

“मंग काय. दोन दिवस असाच फुस्‌फुस्‌ करे. तिसऱ्या दिवशी दुपारून शांत झाला.” ती अभिमानानं बोलत होती. अभिमानच होता तो. त्याच्याशिवाय तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. “एकदम शांत. माईनं उचलून नेला.”

वंदनाने फोटोकडे पाहिलं. झेंडूचा हार. दोन दिवस ती त्या पोराला नमस्कार करत होती आणि तो मेलेला असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. शांत. हा शब्द तिच्या कानात तसाच अडकून बसला. तिनं उन्नतीचं बोट दाबलं. उत्तर आलं नाही. पुन्हा दाबलं.

ती उठली. सात वर्षांचं लेकरू उचलायचं म्हणजे कंबर मोडते. पण उन्नती हलकी लागली, इतकी हलकी की तिला भीतीच वाटली.

“कुठं निघाली?” महाराजांचा आवाज आला. “रिंगण मोडशील तं माई कोपंन!”

“कोपू द्या,” वंदना म्हणाली.

“तिसरा दिवस हाय! आता उचलली तं पोट्टी हातची जाईन, अन् पाप तुह्या माथ्यावर!”

गर्दी वाट देईना. एक बाई म्हणाली, “दिमाग खराब झाला काय वो इचा?” तेवढ्यात मैनाबाई आडवी आली. वंदनाला वाटलं, आता ही पोर हिसकावणार. मैनाबाईनं नातीच्या लोंबकळत्या पायाला हात लावला. पाय गार होता. म्हातारीचा चेहरा बदलला.

“सरका रे!” ती कोपरानं गर्दी फाडत ओरडली. “मुडद्यावानी उभे काय राहिले? ऑटो बोलवा!”

मोठ्या हॉस्पिटलातल्या लहान मुलांच्या इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरनं चिठ्ठी वाचली, धाप पाहिली आणि ऑक्सिजन लावत म्हणाला, “न्यूमोनिया का केस है. एक्स-रे कराते हैं.” त्याचं काही चुकत होतं असं नाही. बाहेर आणखी सहा लेकरं थांबली होती, आणि चिठ्ठीवर शब्द लिहिलेला होता.

तेवढ्यात त्याच्या वरच्या डॉक्टर मोना आल्या. चाळिशीच्या, बुटक्या, पायात सपाता. त्यांनी चिठ्ठी घेतली, उलटी करून पलंगावर ठेवली आणि उन्नतीच्या छातीला नळी लावली. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, पाठीवर ऐकलं.

“छाती तो साफ है,” त्या जराशा स्वतःशीच म्हणाल्या. “साफ छातीचं लेकरू इतकं कावून धापते?”

घरची बोली ऐकून वंदनाने मान वर केली.

“मराठी आहे ना तुम्ही? मी चरोद्याची. आता हे कागदावरचं विसरा अन् मले पयल्यापासून सांगा. उलट्या?”

“चार दिवसांपासून.”

“जीभ सुकून गेली. लघवी?”

“होते.”

“किती? असं सुकलेल्या लेकराची लघवी कमी व्हायले पाहिजे. थांबलीच पाहिजे.”

वंदनाने मैनाबाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. पंधरा दिवस जे दोरीवरून लपवलं होतं ते इथं, दहा माणसांत सांगायचं होतं. “कमी कुठची मॅडम. लयच होते. रोज चादरी धुऊन राहिली मी. पाणीही तसंच पिते. अन्...”

“अन् काय? बोला. लाजू नका.”

“लघवीले मुंग्या लागतात.”

डॉक्टर मोनांचा हात जिथल्या तिथं थांबला. मग त्या उन्नतीच्या तोंडापाशी वाकल्या, अगदी मठीतल्या बायकांसारख्या, आणि त्यांनी वास घेतला.

“सिस्टर, शुगर. अभी. एक्स-रे बाद में.”

बोटाला टोचलं. रक्ताचा एक थेंब मशीनच्या पट्टीवर गेला. आकडा आला नाही. इंग्रजीतली दोन अक्षरं आली.

“हाय बता रहा है, मॅडम.”

“काय हाय?” मैनाबाई घाबरून पुढे झाली. “काय हाय ते सांगा ना!”

“मशीनच्या मोजण्याच्या पलीकडे शुगर गेली आहे, आजी.”

“शुगर?” म्हातारीला ते पटेचना. “शुगर तं म्हाताऱ्याले होते! आमच्या वार्डात चौघांले हाय. लेकराले कुठं शुगर होते?”

“हेच. सगळ्यांले असंच वाटते,” डॉक्टर मोना म्हणाल्या. तोवर त्यांचे हात कामाला लागले होते. “कधी कधी डॉक्टरलेही.”

हेमराज हेल्मेट काखेत घेऊन धावत आला तेव्हा काचेपलीकडे उन्नतीच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या. डॉक्टर मोनांनी तिघांना बाकावर बसवलं.

“तुम्ही प्लँटचे ना? मंग समजंन. भट्टीबाहेर कोकचा कोळसा भरपूर पडला हाय, पण दार उघडणाराच कामावर नाही. अंगातलं हे दार इन्सुलिन उघडते. उन्नतीच्या अंगात ते तयार होणं बंद पडलं. तुमची चूक नाही, गोड खाऊनही होत नाही. साखर रक्तात पडून राहते, लघवीवाटे वाहून जाते, जाताना पाणी घेऊन जाते. म्हणून तहान, म्हणून अंथरूण ओलं. अन् म्हणून मुंग्या.”

“अन् तो वास?” वंदनाने विचारलं.

“साखर जाळता येत नाही म्हणून अंग चरबी जाळते. त्याचा आंबूस मैला रक्तात साचते. त्याचा वास फळासारखा, मोहासारखा, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा येते. तो मैला बाहेर टाकाले पोट्टी खोल श्वास घेते. फुप्फुस चांगलं हाय तिचं. तेच तं लढून राहिलं.”

“गुळाचं पाणी पाजलं आमी,” मैनाबाई म्हणाली. “तीन दिवस.”

डॉक्टर मोनांनी काचेपलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आजपासून दोन दिवस कठीण आहेत. मेंदूले सूज येऊ शकते. मी खोटं सांगणार नाही.”

दोन दिवस वंदना त्या काचेशी उभी राहिली. आत जायला मिळे तेव्हा बोट दाबायची आणि थांबायची. मैनाबाई बाकावर बसून राहायची. एकदाच म्हणाली, “मी आंधळी. तू तरी डोळस कावून नाई झाली पयल्या दिवशी?” आणि मग तोंडात पदर कोंबून रडली. तीन दिवस चिठ्ठी वंदनाच्याच पदराच्या गाठीत होती.

गुरुवारी दुपारी उन्नतीने उलट बोट दाबलं.

हेमराजला त्या दिवशी राग सुचला. नाक्यावरच्या डॉक्टरला जाऊन धरतो म्हणाला. डॉक्टर मोना म्हणाल्या, “मी फोन केला त्यांले. भांडाले नाही. पुढच्या लेकराच्या वेळेस बोटाले टोचा, एवढं सांगाले. आमच्या इथल्या त्या तरुण डॉक्टरलेही सांगितलं, तोही चुकलाच असता.”

“आमच्याइथं असं झालं तं नियर मिस म्हणतात, थोडक्यात टळलेला अपघात,” हेमराज म्हणाला. “माणूस वाचला तरी लिवून बोर्डावर लावा लागते, की दुसऱ्याच्या डोक्यावर पडू नये.”

“आमच्याइथंही लावलं पाहिजे,” त्या म्हणाल्या.

शनिवारी सत्यभामा आली. कोणी तरी तिला सांगितलं होतं की पोरगी उठून बसली. ती खाटेपाशी उभी राहून उन्नतीकडे बघतच राहिली. श्वास साधा, तोंडाला वास नाही. तिच्या हातातल्या पिशवीत महाराजांनी पाठवलेला अंगारा होता. तो तिनं काढलाच नाही.

वंदना सांगत गेली, जसं तिला सांगितलं होतं तसं. साखर, दार, मुंग्या. राउंडवर डॉक्टर मोना आल्या तेव्हा सत्यभामाने त्यांना एवढंच विचारलं:

“माह्या पोट्ट्याच्या सासालेही असाच वास होता. मुंग्याही होत्या. वाचला असता का?”

डॉक्टर मोनांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खोटं बोलायची ती वेळ होती. दुसरं कोणीही बोललं असतं.

“वेळेवर आणला असता तं... बहुतेक वाचला असता, मावशी.”

सत्यभामा खाली बसली, तिथंच, फरशीवर. “मुंग्या मीच दाखवल्या त्या केवलरामले,” ती म्हणाली. “त्याले काही मालूम नवतं. मी म्हटलं, महाराज, पाहा ना, हे काय होय? तो म्हणे, माई होय. हळदीचं रिंगण त्यानं मागून सुचवलं. दोने मी लावले. दोन साल मी लावले.”

पुढच्या मंगळवारी मठीसमोर पुन्हा गर्दी होती. या वेळी चरोद्याहून कोणी चार वर्षांचा मुलगा आणला होता. वंदना उन्नतीला घेऊन, मैनाबाई आणि हेमराजसह कडेला उभी होती. डॉक्टरांनी कालच घरी सोडलं होतं. महाराजांनी तिला पाहून लगेच दोन्ही हात पसरले.

“पाहा! माईनं पोट्टी परत धाडली!”

“थांबा,” सत्यभामा म्हणाली. तिनं चार दोने जमिनीवर मांडले. तांब्यातलं नळाचं पाणी चारही दोन्यांत ओतलं, सगळ्यांसमोर. मग कनवटीची पुडी सोडून दोहोंत साखर घातली. साखरेच्या एका दोन्याभोवती तिनं हळद टाकली.

“यात कोणाचं तीर्थ नाई. नळाचं पाणी अन् वाण्याची साखर. पाहा आता कुठं जाते माई.”

मुंग्या आल्या. साखरेच्या उघड्या दोन्याला लागल्या. साध्या पाण्याच्या दोन्यांकडे गेल्या नाहीत. हळदीतल्या साखरेभोवती फिरल्या आणि माघारी वळल्या. गर्दीत एक बाई जोरात म्हणाली, “अगं बाई, हळद तं मी साखरेच्या डब्याले लावते रोज!” कोणी हसलं नाही. तिला स्वतःलाच ते आत्ता कळत होतं.

“हे नास्तिकांचं नाटक हाय!” महाराज ओरडले. “ज्याची श्रद्धा नाई, त्याच्या दोन्यात...”

“महाराज,” वंदना म्हणाली. “तिसरा दिवस तुमाले कसा मालूम होता?”

“काय?”

“तिसऱ्या दिवशी माई पूर्ण उतरते म्हणे तुम्ही. माह्या पोरीचा तिसरा दिवस तुमाले कोणं सांगितला?”

केवलरामनं तोंड उघडलं. त्याची नजर एकदाच, क्षणभर, भिंतीवरच्या फोटोकडे गेली. ती सगळ्यांनी पाहिली.

सत्यभामा उठली. “शुभमवरून मालूम होता त्याले. पोट्टं तिसऱ्या दिवशी मेलं हे त्यानं पाहिलं होतं. तरी हिले तीन दिवस ठेवली.” ती गर्दीकडे वळली. “माह्या लेकराले माईनं नेलं नाई. त्याच्या अंगात साखर साचली, अन् वरून गूळ मी पाजला, माह्या हातानं. मले कोणाची दया नोको. मी सांगते ते घरी घेऊन जा. लेकरू पाणीच पाणी मागत असंन, उठून उठून मुतत असंन, खाऊनही वाळत असंन, अन् मंग उलट्या, धाप, गुंगी... तं थांबू नका. डॉक्टर गाठा अन् म्हणा, बोटाची शुगर पाहा. नाई म्हटलं तं पुन्हा म्हणा. देव पळून जात नाई. लेकरू जाते.”

काही लोक निघून गेले. एक म्हातारा अजून हात जोडून उभाच होता. चार वर्षांच्या मुलाचा बाप मात्र पोराला खांद्यावर टाकून हेमराजपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “शुगर कुठं तपासतात, भाऊ?” केवलराम मठीत शिरला आणि त्यानं पत्र्याचं दार ओढून घेतलं.

उन्नती बरी झाली, असं मात्र म्हणता येत नाही. हा आजार जात नाही. रोज सुई, रोज बोटाला टोचणं, आयुष्यभर. वंदना आता सुई भरायला शिकली आहे. पहिल्यांदा टोचताना लेकीऐवजी तीच रडली. उद्या कोणीतरी दारात येईल आणि सांगेल की ही जडीबुटीची पुडी घ्या, इन्सुलिन सोडून द्या, पोरगी ठणठणीत होईल. त्या माणसाला पाणीही न विचारता परत पाठवावं, इतका तो घातकी असेल.

या कथेत कुठंही चमत्कार घडलेला नाही. एका डॉक्टरनं नीट विचारलं, आणि एका आईनं लाज गिळून सांगितलं, एवढंच घडलं. लेकरू आजारी असताना ही दोन कामं करायला कुठलीही माई अंगात यावी लागत नाही. विचारा. आणि कोणी विचारलं, तर काहीही न लपवता सांगा.